मदत हवी आहे: स्कूटरचं एबीएस (ब्रेकवालं नव्हे, प्लास्टिकवालं) पॅनल जोडायचंय

मंडळी, स्कूटर स्टँडवरून पडली आणि सीटखालचं पॅनल स्क्रूच्या भोकापासून वीतभर तडकलं. इन्स्टंट ग्लू लावला, तो पहिल्याच खड्ड्यात सुटला. गॅरेजवाला म्हणतो, नवीनच टाका. एबीएस असेल तर अ‍ॅसिटोनने जोडता येतं, असं ऐकलंय. खरं का? हँडलला अडकवलेल्या हेल्मेटलाही बारीक चीर गेलीये, तेही एबीएसचंच. त्यालाही हाच उपाय चालेल?

मोल्डवाला:
खरं आहे, पण आधी ते एबीएसच आहे का बघा. पॅनल उतरवलंत की आतल्या बाजूला एबीएस किंवा पीपी (पॉलिप्रॉपिलीन, वेगळं प्लास्टिक) असा ठसा दिसेल. नसेल तर लोक तुकडा पाण्यात टाकायला सांगतात: पीपीची घनता 0.9, ते तरंगतं, एबीएसची 1.05 च्या आसपास, ते बुडतं. पण भरपूर टाल्क (दगडाची पूड) भरलेलं पीपीही बुडतं, त्यामुळे त्यावर विसंबू नका. आतून अ‍ॅसिटोनचा थेंब टाकून काडीने घासा. चिकट झालं तर एबीएस, काहीच फरक पडला नाही तर पीपी. पीपीला हा उपाय लागू नाही.

एबीएसचे टाकाऊ तुकडे काचेच्या बरणीत अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवा, पाकासारखं दाट होतं. (थर्माकोलच्या कपात नको, कपच विरघळेल!) तडा पुढे पळू नये म्हणून त्याच्या टोकाला बारीक भोक पाडा. आतून पॉलिश पेपर मारा, पाक लावा, वर स्टीलच्या जाळीचा तुकडा दाबा, पुन्हा पाक. दिवसभर हात लावू नका. ग्लू नुसता वरून धरतो आणि कडक होतो, धक्का सोसत नाही. अ‍ॅसिटोन दोन्ही कडा विरघळवतं आणि उडून गेलं की त्या एकजीव होतात. वाफ लगेच पेट घेते, गॅसजवळ तर अजिबात नको.

रंगकाम:
जोडल्यावर रंग मारा हो! एबीएसमध्ये धक्का सोसतं ते ब्युटाडाइनचं रबर, आणि उन्हात आधी तेच खराब होतं. उघडं पॅनल पिवळं पडून ठिसूळ होतं, मग जोडाच्या शेजारीच नवा तडा.

धागाकर्ता:
थेंब टाकला, चिकट झालं. एबीएसच! आता पॅनलचं करतो. हेल्मेटचं सांगा ना.

मोल्डवाला:
हेल्मेट नवीन घ्या, दादा. अ‍ॅसिटोनसारख्या सॉल्व्हंटने कवच कमजोर होतं, म्हणून ते थिनरने पुसूही नये. त्यात आतला थर्माकोलसारखा थर अ‍ॅसिटोन लागला की वितळतो, आणि आपटून दबला असेल तर परत फुगत नाही. घेताना आयएस 4151 चा (हेल्मेटचं भारतीय मानक) आयएसआय मार्क बघा. जुनं भंगारात देण्याआधी पट्टा कापा, नाहीतर कुणीतरी वापरेल.