लायसन्स रद्द झालं, मग गाडी चालवतोय कोण?

लाल माती

परवा इथेच ‘आंबेवाला’ यांनी लिहिलं की कोकणात माणसाचं लायसन्स सहा महिने काढून घेणं म्हणजे त्याचे हातपाय काढून घेणं, तुरुंगापेक्षाही कठीण; तेव्हा पिऊन गाडी ठोकणाऱ्याला कोर्टानं तेवढीच शिक्षा दिली तर ओरडायचं कारण नाही. दोन दिवस गप्प बसलो. आज सकाळी दूध आणायला बाहेर पडलो आणि तो पिकअप पुन्हा समोरून गेला.

माझ्या भावोजींना त्या पिकअपनं रात्री उडवलं. ऐन हंगाम, आंब्याच्या पेट्या भरून वाशी मार्केटला निघाला होता. भावोजींच्या मांडीत सळी घातली, अजून खाली बसता येत नाही, गणपतीत आरतीला खुर्ची लागते. ड्रायव्हरच्या रक्तात दारू निघाली. गुन्हा कबूल केला, दंड भरला, सहा महिने गाडी चालवायला मनाई झाली. तेराव्या दिवशी तो आमच्या दारावरून गेला. त्याच पिकअपमधून, हॉर्न वाजवत.

कोर्टानं हुकूम दिला, आरटीओकडे कागद गेला. पुढे त्या कागदाचं कोण काय करतं? नाक्यावर हेल्मेट बघतात, पीयूसी बघतात. लायसन्स विचारलं तर हा मोबाइलमधला जुन्या कार्डाचा फोटो दाखवतो. ज्या शिक्षेवर कोणाची नजर नाही ती तुरुंगापेक्षा कठीण कशी, हे आंबेवाल्यांनी माझ्या बहिणीला येऊन सांगावं.

आंबेवाला

भावोजींचं वाचून वाईट वाटलं. पण माझं अर्धंच लिहिणं उचललंत. आमच्या वाडीत एसटी दोन, सकाळची आणि सांजची. सांजची चुकली की घाटी चढून पाच किलोमीटर चाल. इथे गाडी बंद म्हणजे माणूस घरातच कोंडला जातो.

माझ्या धाकट्या भावाचं लायसन्स तीन महिने निलंबित झालं, गाडी चालवताना फोनवर बोलत होता म्हणून. सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीनं 2015 मध्ये राज्यांना सांगितल्यापासून फोन, सिग्नल, दारू, जादा वेग, सगळ्याला किमान तीन महिने आहेत. तेव्हा त्याच्यावरही कोणी पहारा ठेवला नव्हता. तरी तो घरी बसला. बागेतला माल दुसऱ्याच्या गाडीनं पाठवला, भाड्यात कमाई गेली, मे महिन्यात आईला दवाखान्यात न्यायला शेजाऱ्याच्या पाया पडला. पाळणारे पाळतात, लालमातीभाऊ. एक निर्लज्ज निघाला म्हणून शिक्षाच कुचकामी म्हणू नका.

लाल माती

तुमच्या भावाला नमस्कार. पण जो स्वतःहून पाळतो त्याला शिक्षा लागते आणि जो पाळत नाही त्याला लागतच नाही, हेच तर मी म्हणतोय. प्रामाणिक माणसाचा हंगाम गेला आणि पिऊन चालवणाऱ्याचा एक दिवसही गेला नाही.

जुना कारकून

कोर्टात बत्तीस वर्षं काढली, म्हणून चार ओळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 20 खाली कोर्ट अपात्र ठरवतं, कलम 19 खाली लायसन्स देणारा अधिकारी. आंबेवाल्यांच्या भावाचं दुसऱ्या प्रकारातलं. बंदी मोडून चालवलं तर कलम 182: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. 2019 च्या दुरुस्तीआधी हा दंड पाचशे होता. शिवाय लायसन्स लागू नसताना गाडी चालवली तर कलम 207 खाली पोलीस गाडी अडकवून ठेवू शकतात.

पूर्वी लायसन्सच्या पुस्तकावर शेरा मारला जायचा, उघडलं की दिसायचा. आता कार्ड गुळगुळीत, त्यावर काही उमटत नाही. खरी स्थिती सरकारच्या ‘सारथी’ या लायसन्सच्या संकेतस्थळावर. हवालदारानं नंबर टाकला तरच कळणार, आणि घाटात रेंज नसते. फोटो बघून सोडणं हा त्याचा आळस आहे, कायद्यातली उणीव नाही.

तिठ्यावरचो

कलमा सगळी बरोबर. पण रस्त्याचा कोण बोलतलो? 2011 पासून मुंबई-गोवा हायवेचा काम चालू आसा. ज्यांनी खड्डे ठेवले तेंका कोणी बंदी घातली? आमच्या हकडे तारकर्लीक पर्यटक येतत, गाडी थेट वाळूत घालतत, भरतीचा पाणी बॉनेटाक लागला की ट्रॅक्टर बोलवतत. तेंचा लायसन कोण बघता? आमचो रिक्षावालो मात्र दर तिठ्यार कागद दाखयत उभो. कायदो गरिबाकच गावता.

लाल माती

खड्ड्यानं भावोजींची मांडी मोडलेली नाही, दारूनं मोडली. हायवेचं दुःख मलाही आहे, दर गणपतीला कशेडीपासून सोसतो. पण प्रत्येक गोष्ट हायवेवर नेऊन घातली की मूळ प्रश्न तिथेच मरतो.

समुद्रपक्षी

मग घरकैद का नको? पायात जीपीएसचं कडं घाला. जम्मू-काश्मीरमध्ये 2023 मध्ये जामिनावरच्या आरोपीला घातलंच होतं. रत्नागिरीला तर याची सवय आहे! ब्रह्मदेशच्या थिबा राजाला 1886 पासून 1916 मध्ये मरेपर्यंत इथे ठेवलं. सावरकरांना 1924 ते 1937 जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायला बंदी होती, आधी पाच वर्षं म्हणून सुरू केली आणि वाढवत नेली. तेव्हा ना जीपीएस ना कॅमेरा, तरी सरकारनं पाळून घेतलंच ना?

जुना कारकून

त्या दोघांवर अख्ख्या साम्राज्याचा डोळा होता. पिकअपच्या ड्रायव्हरवर कोण एवढी माणसं ठेवणार?

आणि घरकैद ही आपल्या कायद्यात शिक्षा नाहीच. 2021 मध्ये एल्गार परिषद प्रकरणातल्या गौतम नवलखांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की योग्य प्रकरणात आरोपीला कोठडीऐवजी घरी ठेवता येईल. नोव्हेंबर 2022 मध्ये त्यांना बेलापूरला ठेवलं, कॅमेरे, दाराशी पोलीस. त्या पहाऱ्याचा खर्च तपास यंत्रणेनं 1 कोटी 64 लाख सांगितला, आणि मे 2024 मध्ये जामीन देताना कोर्टानं 20 लाख भरायला लावले. आपल्याकडचा कुठला ड्रायव्हर हे भरणार? कड्याचंही सोपं नाही. जुलै 2024 मध्ये त्याच कोर्टानं सांगितलं की पोलिसांना आरोपीच्या हालचालीवर सतत नजर ठेवता येईल अशी अट जामिनाला घालता येत नाही.

कातळ

एवढं लांब कशाला जाता? गावात कोण गाडी चालवतो हे पोलिसांच्या आधी गावाला कळतं. आमच्याकडे एका पोरावर सहा महिने बंदी आली. गावकी बसली, बापाला बोलावलं, गाडीची चावी देवळात ठेवून घेतली. नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. सहा महिने चावी जागची हलली नाही. कोर्टाला जे जमत नाही ते गावकीला एका बैठकीत जमतं. हे काम गावकीवर सोपवा, मी लिहून देतो, एकही बंदी मोडणार नाही.

उंबरठा

कातळदादा, हे वाचून हात थरथरले, म्हणून पहिल्यांदाच लिहितेय.

मी लग्न होऊन आले त्या घराला गावकीनं सात वर्षं वाळीत टाकलं होतं. कारण काय, तर सासऱ्यांनी स्वतःच्या नावावरचा तुकडा गावकीला न विचारता विकला. गिरणीवाला दळण घेईना. रिक्षा आमच्यासाठी थांबेना. आमच्याशी बोलेल त्याला पाचशे रुपये दंड. शिमग्याला पालखी शेजारच्या अंगणात नाचायची, आमच्या अंगणात शेण सारवून, रांगोळी घालून आम्ही उभे, आणि ती कुंपणाच्या गडग्यापाशी वळायची. सात शिमगे. सासूबाई गेल्या तेव्हा खांदा द्यायला माहेरची माणसं तालुक्याहून टेम्पोनं आली.

तुमची गावकी हुकूम पाळून घेते हे मला चांगलंच माहीत आहे. तिच्या हातात आणखी हुकूम देऊ नका.

कातळ

ताई, तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य. पण एका गावची गोष्ट सगळ्या कोकणावर लावू नका. आमच्या गावकीनं बांध घातले, शाळेचं छप्पर घातलं, दारूची हातभट्टी उठवली. शहरात बसून गावाला नावं ठेवणं सोपं असतं.

उंबरठा

मी शहरात नाही. त्याच गावात, त्याच घरात आहे.

जुना कारकून

एका गावची गोष्ट नाही, कातळ. रायगडातून अशा तक्रारी इतक्या आल्या की सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याला 2016 मध्ये वेगळा कायदा करावा लागला, 2017 पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. मुंबई प्रांतात 1949 मध्येही कायदा झाला होता, तो 1962 मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केला. मधली पन्नासहून जास्त वर्षं ही माणसं कोणाकडे जाणार होती?

कातळ

मी वाळीत टाका म्हटलं का? चावी ठेवा म्हटलं. दोन्हीत फरक आहे.

उंबरठा

चावी दिली नसती तर पुढे काय करणार होतात? बोला ना. त्या बापानं चावी देवाला भिऊन दिली, की उद्या आपलं दळण बंद होईल म्हणून दिली?

आणि आणखी एक विचारते. तुमच्या गावात चिरेखाण असेल. रात्री डंपर सुटतात, त्यांच्या ड्रायव्हरची लायसन्सं कधी बघितलीत? खाणवाल्याची चावी कधी देवळात आली का?

तिठ्यावरचो

ह्या बायन् खरा विचारल्यान.

आंबेवाला

गावकीवर एवढे तुटून पडू नका. 2021 च्या पुरात चिपळुणात सरकारी बोट यायच्या आधी आसपासच्या गावांची माणसं भाकऱ्या घेऊन पोचली होती. ती कोण होती?

उंबरठा

ती माणसं होती, आंबेवाले. भाकरी घेऊन जायला गावकीचा ठराव लागत नाही. आमच्याकडे एक म्हातारी रात्री मागच्या दारानं दळून आणायची आमचं. पाचशेचा दंड दोनदा भरला तिनं.

कातळ

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे नव्हतं. चावी दिली तो बाप मोलमजुरी करणारा होता. खाणवाल्याच्या डंपरनं आमच्या वळणावर म्हैस मारली तेव्हा गावकी बसली होती, पण चावी कोणी मागितली नाही. मंडपाची वर्गणी त्याची मोठी असते. हे लिहायला मला आवडलेलं नाही. गावकी वाईट असं मी अजूनही म्हणणार नाही. पण हे काम तिचं नव्हे, एवढं मागे घेतो.

लाल माती

माझा प्रश्न होता तिथेच राहिला. पिकअप आज पुन्हा गेला.

जुना कारकून

तुमच्यासाठीच थांबलो होतो. तुम्ही सगळे ड्रायव्हरच्या मागे आहात, मालकाकडे कोणी बघत नाही. लायसन्स नसलेल्याला गाडी देणाऱ्या मालकावर कलम 180 आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड. पण मालक त्याला भीत नाही, विम्याला भितो. बंदी असलेला माणूस चालवत असेल तर ती पॉलिसीच्या अटीचा भंग. जखमी माणसाला कंपनी भरपाई देते आणि मग ते पैसे मालकाकडून वसूल करू शकते. 2004 च्या स्वर्णसिंग निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की मालकाची चूक किंवा निष्काळजीपणा मात्र कंपनीला सिद्ध करावा लागतो. म्हणून प्रत्येक मालक एकच वाक्य म्हणतो: मला माहीत नव्हतं.

ते वाक्य त्याच्याकडून काढून घ्या. कोर्टाच्या हुकुमाची नक्कल जोडून त्याला रजिस्टर पोस्टानं कळवा की अमुक तारखेपर्यंत याच्यावर बंदी आहे. एक प्रत पोलीस ठाण्यात, एक आरटीओत, एक विमा कंपनीला. पोच जपून ठेवा. पत्र पोचल्यानंतर काही झालं तर त्याची जमीन जाईल, हे त्याचा वकीलच त्याला सांगेल.

आंबेवाला

म्हणजे पुन्हा सामान्य माणसानंच कागद नाचवायचे.

जुना कारकून

हो. हे बरोबर नाही. कोर्टाच्या हुकुमाची प्रत मालकाला आणि विमा कंपनीला आपोआप जायला हवी, आणि बत्तीस वर्षांत मी ती तशी पाठवलेली नाही.

आंबेवाला

बंदी ही कडक शिक्षा आहे हे माझं मत तेच आहे, ते बदलणार नाही. पण दर हंगामात पाचसातशे पेट्या मी दुसऱ्यांच्या पिकअपमध्ये चढवतो आणि आजवर एकाही ड्रायव्हरला लायसन्स विचारलेलं नाही. भाडं विचारलं, वाशीला किती वाजता पोचणार ते विचारलं. यंदा नंबर घेऊन ‘सारथी’वर बघीन आणि मगच पेट्या चढवीन. लालमातीभाऊ, तुमच्यासाठी नव्हे, भावोजींसाठी.

लाल माती

कोणासाठीही बघा, पण बघा.

पत्र काल रात्री लिहिलं. नक्कल काढायला अर्ज दिला होता, ती आज मिळाली. मी पोस्टात टाकतो म्हटलं तर भावोजी नको म्हणाले. दुपारच्या एसटीनं काठी घेऊन ते स्वतः जातायत, बहीण सोबत आहे.