शब्दचर्चा : ऑब्जेक्ट ‘डायनॅमिकली’ तयार करणे

वागळे_इस्टेट : ठाण्यात डिप्लोमाच्या मुलांना जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. बरीच मुलं मराठी माध्यमातली, म्हणून टिपणं मराठीत काढतोय. ‘रनटाइमला डायनॅमिकली ऑब्जेक्ट तयार करणे’, म्हणजे प्रोग्राम चालू असताना क्लास नावाच्या साच्यावरून ऑब्जेक्ट ही वस्तू बनवणे, इथे गाडी अडली. ‘गतिमान वस्तुनिर्मिती’ लिहिलं तर मुलं विचारतात, सर, यात हलतं काय? नेमका शब्द सुचवा.

ऐरोली_सेक्टर८ : ‘गतिक’ वापरा. रुळेल हळूहळू.

नेरूळची : रुळेलही, पण मुलांचा प्रश्न तसाच राहील. सर, मुळात ‘डायनॅमिक’ इथे दोन वेगळ्या अर्थांनी येतो. सी प्लस प्लस भाषावाले म्हणतात तेव्हा रोख मेमरीतल्या जागेवर असतो. फंक्शनमधला साधा ऑब्जेक्ट स्टॅक या मेमरीच्या भागावर बसतो आणि फंक्शन संपलं की जातो. ‘न्यू’ने मागितलेला हीप या दुसऱ्या भागावर जातो आणि ‘डिलीट’ करेपर्यंत टिकतो. याला मी ‘मागून घेतलेली जागा’ म्हणेन.

जावात रोख वेगळा. ‘न्यू’ लिहून केलेला ऑब्जेक्टही प्रोग्राम चालू असतानाच जन्मतो, पण त्याचा क्लास कोणता हे कोड लिहितानाच ठरलेलं असतं. याउलट क्लासचं नाव सेटिंगच्या फाइलमधून स्ट्रिंग म्हणजे साधा मजकूर म्हणून आलं, ते ‘क्लास डॉट फॉरनेम’ला दिलं, कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट उभा करणारा कोड) मिळवून ‘न्यूइन्स्टन्स’ केलं, की कोणता क्लास हेच प्रोग्राम चालू झाल्यावर ठरतं. यासाठी मराठीत तयार शब्द आहे : आयत्या वेळी. सोसायटीच्या सभेची नोटीस आठवा. शेवटचा मुद्दा ‘आयत्या वेळचे विषय’. त्यांची जागा आधी छापलेली, विषय मात्र सभेत ठरणार. इंटरफेस, म्हणजे क्लासला काय काय करता आलं पाहिजे याची यादी, ही ती छापलेली जागा, आणि क्लास म्हणजे तिथे येणारा विषय.

ऐरोली_सेक्टर८ : उदाहरण पटलं. मग ‘ऐनवेळी’ का नको? सुटसुटीत आहे.

नेरूळची : ‘ऐनवेळी’त घाई आणि फजितीची छटा आहे. माणूस ऐनवेळी दगा देतो. इथे तर सगळं योजून केलेलं असतं.

वागळे_इस्टेट : ‘आयत्या वेळी’ घेतो. ‘ऑब्जेक्ट’ आणि ‘क्लास’ तसेच ठेवतो. ‘वर्ग’ म्हटलं की मुलांना शाळेचा नाहीतर गणितातला आठवतो.

नेरूळची : बरोबर. टिपणात एक धोकाही लिहा. ‘न्यू’पुढे क्लासचं नाव चुकलं तर कोडचं भाषांतर करणारा कंपायलर तिथेच अडवतो. स्ट्रिंगमध्ये चुकलं तर कंपाइल बिनबोभाट होतं आणि चालवल्यावर ‘क्लासनॉटफाउंड’चं एक्सेप्शन, म्हणजे चुकीचा इशारा, येतं. शिवाय जुन्या पुस्तकांत थेट क्लासवरच ‘न्यूइन्स्टन्स’ दिसतं. ती पद्धत जावा 9 पासून, म्हणजे 2017 पासून, डेप्रिकेटेड (‘आता वापरू नका’ असा शेरा मिळालेली) आहे. आधी ‘गेटडिक्लेअर्डकन्स्ट्रक्टर’ घ्यायला शिकवा.

कोपरी_पूर्व : पायथन भाषेमध्ये याच्याही पुढे जाता येतं. ‘टाइप’ला नाव, पालक क्लास आणि गुणधर्म दिले की अख्खा क्लासच आयत्या वेळी बनतो.