सबनॉटिकात नकाशा नाही हेच बरं

तळठाव:
सबनॉटिका या व्हिडिओ गेमची पूर्ण आवृत्ती २०१८ मध्ये आली, तरी 'नकाशा द्यायला हवा होता' ही तक्रार अजून संपत नाही. मला ती मुळातच पटत नाही. जहाज कोसळलंय, पाण्याने भरलेल्या परग्रहावर आपण एकटे, सुरुवातीला श्वास जेमतेम ४५ सेकंदांचा. नकाशा असता तर कोपऱ्यातल्या ठिपक्यावर नजर ठेवून पोहत सुटलो असतो. इथे खुणा लक्षात ठेवाव्या लागतात. रीपर हा अजस्र शिकारी जलचर तर दिसण्याआधी ऐकू येतो, आणि आवाज नेमका कुठून आला हे कळत नाही म्हणूनच धडकी भरते.

निळाई:
रीपरचा नकाशाशी काय संबंध? तो नकाशात दाखवा असं कुणी म्हणत नाहीये. मी जिथे जाऊन आले तेवढा भाग नोंदला जावा, इतकंच. आठवड्यातून तासभर खेळणाऱ्याला मागची वाट कशी आठवणार? मग तो इंटरनेटवर तयार नकाशा शोधतो आणि न पाहिलेल्या जागाही आधीच कळून बसतात. शोधाची मजा तिथे जाते!

तळठाव:
बीकन, म्हणजे खूण म्हणून लावायची यंत्रं, कशासाठी आहेत? एक टायटॅनियम, एक तांब्याचं खनिज, की बीकन तयार. नाव द्या, गुहेच्या तोंडाशी लावा.

निळाई:
बीकन दिशा आणि अंतर सांगतो, वाट नाही. बोगद्यात शिरल्यावर तो सरळ खडकाच्या पलीकडे दिसतो. '३० सेकंद' असा ऑक्सिजनचा इशारा झाल्यावर त्या खुणेचा काही उपयोग नाही.

सागरवेडा:
भूक-तहान नको असेल तर फ्रीडम मोड आहेच ना? तसा नकाशाचाही पर्याय ठेवायचा. नको त्याने बंद करावा.

तळठाव:
पर्याय दिला की खेळाची घडणच बदलते. नकाशा नाही म्हणून तर प्रत्येक भागाला स्वतःचा चेहरा आहे. लाल गवताचं पठार, जेलीश्रूम गुहांमधला जांभळा उजेड, लॉस्ट रिव्हर या खोल गुहांच्या भागातला तो अवाढव्य सांगाडा. एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

निळाई:
पठारावर हे शंभर टक्के मान्य. पण लॉस्ट रिव्हरला उतरायच्या वाटा एकाहून जास्त आहेत. सांगाडा पाहून आपण आत आहोत हे कळतं, परतीचं तोंड कुठलं हे कळत नाही. निदान गुहांपुरता तरी नकाशा हवाच होता.