मदत हवी आहे: उरुग्वेचे विश्वचषक दोन की चार? फ्लेक्स अडकलाय

मंडळी, जरा घाईत आहे. परळला आमच्या मंडळाची रविवारी टर्फवर फुटबॉल स्पर्धा आहे. दरवर्षी फ्लेक्सवर शुभेच्छुकांचेच चेहरे असतात, म्हणून यंदा मीच हौसेने म्हटलं की एका फ्लेक्सवर पुरुषांच्या विश्वचषकाचे सगळे विजेते लावू. १९३० ते २०२२, स्पर्धा २२, जिंकणारे देश ८. तासाभराचं काम वाटलं होतं. आज चौथा दिवस, आणि फ्लेक्सवाला फोनवर फोन करतोय, प्रूफ फायनल करा म्हणून.

भांडण उरुग्वेवरून आहे. माझ्या यादीत त्यांचे दोन, १९३० आणि १९५०. पण भाच्याने फॅशन स्ट्रीटवरून त्यांची आकाशी जर्सी आणलीय, तिच्यावर चार तारे. (त्यातला एक पहिल्याच धुण्यात निघाला, म्हणून हल्ली तो तीन म्हणतो.) तळमजल्यावरचे काका एकेकाळी गिरणीच्या टीमचे गोलकीपर होते. ते म्हणतात चारच बरोबर. विश्वचषक सुरू व्हायच्या आधीची १९२४ पॅरिस आणि १९२८ अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकची सुवर्णपदकं उरुग्वेवाले त्यात धरतात.

इथवर ठीक. पण मग काकांनी विचारलं, "त्यांचं ऑलिंपिक चालतं, तर आपलं एशियाड का नको?" १९५१ ला दिल्लीत इराणला १-० आणि १९६२ ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ हरवून भारताने सुवर्ण घेतलं होतं. आता काकांना फ्लेक्सवर तो कोपरा हवाच आहे. खरं सांगायचं तर मलाही हवाय, पण कुठल्या मथळ्याखाली?

दुसरी अडचण जर्मनी. १९५४, १९७४ आणि १९९० ला जिंकली ती पश्चिम जर्मनी, २०१४ ला नुसती जर्मनी. चारही एकत्र लिहू? १९७४ ला तर हॅम्बुर्गमध्ये पूर्व जर्मनीने पश्चिमेला १-० हरवलं होतं, म्हणून हात कचरतो.

आणि १९५० चा उपविजेता कोण लिहायचा? फायनलच नव्हती म्हणे?

प्रतिसाद १
फायनल नव्हती हे खरं. शेवटी ब्राझील, उरुग्वे, स्पेन, स्वीडन असा चौघांचा साखळी गट होता. ब्राझीलला शेवटच्या सामन्यात बरोबरीही पुरली असती, पण माराकानावर उरुग्वेने २-१ ने मारलं. ब्राझील दुसरा आला, तेव्हा उपविजेता लिहा बिनधास्त. फक्त वर 'अंतिम सामना' असा रकाना ठेवू नका.

प्रतिसाद २
फिफा जर्मनीचे चार एकत्रच मोजते. १९९० ची फायनल ८ जुलैला झाली आणि एकीकरण ३ ऑक्टोबरला, म्हणजे वर्षासमोर 'प. जर्मनी' आणि बेरजेत 'जर्मनी ४' असं लिहिलं की झालं.

उरुग्वेचा घोळ तुमच्या मथळ्यात आहे. 'जगज्जेते' लिहिलंत तर काका जिंकतात, 'विश्वचषक विजेते' लिहिलंत तर तुम्ही. फिफाच्या हिशेबात विश्वचषक दोनच. एशियाडला वेगळी चौकट द्या, तिथे कुणाशी भांडण नाही.

अजून एक. प्रूफवर १९३० शेजारी आताच्या चषकाचं चित्र तर नाही ना? तो १९७४ पासूनचा. आधीचा ज्यूल्स रिमे चषक तिसऱ्यांदा जिंकल्यावर १९७० ला ब्राझीलने कायमचा नेला आणि १९८३ ला तो तिथूनच चोरीला गेला.

धागाकर्ता
चित्र तेच होतं हो! लगेच काढायला सांगितलं. मथळा 'विश्वचषक विजेते', खाली भारताची तिरंगी चौकट. काकांनी प्रूफ पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "१९६२ जरा मोठं करा."

बाकी सगळं ठरलं, पण फ्लेक्सवाल्याने नव्या प्रूफवर उरुग्वेचं 'उरण' केलंय. त्याला फोन लावतो.