दारू एका झटक्यात सोडण्याबद्दल
"मनात आणलं तर दारू एका दिवसात सुटते" असं म्हणतात, ते रोज पिणाऱ्याच्या बाबतीत पटत नाही. नागपूरच्या महाल भागात आमच्या एका काकांनी पोळ्याच्या दिवशी बैलांसमोर शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी, बाहेर मारबत (वाईट गोष्टी घालवण्यासाठी काढतात ती पुतळ्याची मिरवणूक) निघाली तेव्हा, हातात चहाचा कप धरवेना. तिसऱ्या रात्री घाम, ताप, बडबड आणि भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. आम्हाला वाटलं बाहेरचं काही लागलं!

डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षांची दारू अचानक तोडली की ४८ ते ७२ तासांत असं होऊ शकतं, माणूस दगावतोही. आधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, मगच ग्लुकोज. क्रम उलटला तर मेंदूला इजा होऊ शकते. आम्ही तर गल्लीतल्या कंपाउंडरला बोलावून घरीच ग्लुकोजचं सलाइन लावणार होतो.