पाणाड्याचा नारळ आणि सर्व्हेचा आलेख: दोन्ही अंदाजच ना?

मुरूम (धागाकर्ती)
बोअर घ्यायची म्हटली की आधी पाणाड्या. तळहातावरचा आडवा नारळ उभा राहिला की तिथे खूण. पाणी लागलं तर त्याचं नाव, नाही लागलं तर आपलं नशीब! माझा आक्षेप या नशिबाला आहे. भूजलाचा सर्व्हे करणाराही अंदाजच बांधतो, पण कारण सांगून. महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टचा. अखंड काळ्या पाषाणात पाणी थांबत नाही. मुरमात, भेगांत, लाव्हाच्या दोन थरांमधल्या सांध्यात साठतं. सर्व्हेवाला जमिनीत वीज सोडून तिला होणारा रोध मोजतो आणि सांधा किती खोल असावा ते आधीच लिहून देतो. चुकला तर चुकला हे दिसतं तरी.

बांधावरचा
दिसतं, पण पैसे परत मिळत नाहीत. सर्व्हे करून घेतलेली आमची बोअर 350 फूट गेली, नुसता धुरळा. पाणाड्याच्या खुणेवर दोन इंच पाणी आहे, मे महिन्यातसुद्धा. आम्हाला कारण प्यायचं नाहीये.

मुरूम
त्याच शिवारात पाणाड्याला न विचारता घेतलेल्या किती बोअरना पाणी लागलं? तो आकडा नसेल तर श्रेय नारळाला कसं?

उंबरतळी
नारळ गिऱ्हाइकासाठी असतो हो. जुना पाणाड्या आधी शिवार फिरतो: उंबर कुठे, वारूळ कुठे, ओढा कुठे वळतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतला दकार्गल हा अध्याय झाडं आणि वारुळं पाहून पाणी किती खोल ते सांगतो. हे निरीक्षण नाही तर काय?

मुरूम
निरीक्षण आहेच, आणि खोली सांगितली म्हणजे खणून पडताळता येतं. मला ते नारळापेक्षा कितीतरी पटतं. पण उंबर उथळ ओल दाखवणार. 400 फुटांवरच्या भेगेचं त्याला काय कळणार?
आणि नारळाचंही तपासून झालंय. म्युनिकजवळ 1987-88 मध्ये कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा पाइप हलवत ठेवून वरून पाणाड्यांना जागा ओळखायला सांगितली. शेकड्यांतून निवडलेले 43 जण. काहींना जमतं, असं प्रयोग करणाऱ्यांनी जाहीर केलं. पुढे जिम एनराइट या शास्त्रज्ञाने तेच आकडे उलगडले, तर एकदा जमलेल्यांना पुन्हा जमलेलं नव्हतं.

बांधावरचा
जर्मनीत पाइप होता, इथे कातळ आहे. बरं, पाणाड्याचे फसलेले मोजताय तर सर्व्हेवाल्यांच्या कोरड्या बोअरही गावागणिक मांडा. आहे तयारी?