भुवनैकमल्लाची बाजू कोण मांडणार?

तुंगातीर (धागाकर्ता)

परवा इथे एक लेख फिरला, 'नालायक थोरला, पराक्रमी धाकटा'. थोडक्यात म्हणणं असं: कल्याणीचा (आजचं बसवकल्याण) चालुक्य राजा सोमेश्वर दुसरा, म्हणजेच भुवनैकमल्ल, याच्या डोक्यात गादी मिळताच वारं शिरलं, त्याने प्रजेला छळलं, भावाच्या जिवावर उठला. मग विक्रमादित्य सहाव्याला नाइलाजाने, साक्षात शंकराच्या आज्ञेने, भावाला कैद करून राज्य हाती घ्यावं लागलं. खाली वाहवा आणि 'असे राजे पुन्हा होणे नाही'. तिथे दोन ओळी लिहून भागणार नव्हतं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

ही सगळी कथा एकाच पुस्तकातून येते: बिल्हणाचं विक्रमांकदेवचरित. बिल्हण काश्मीरचा. कल्याणीला तो पोचला तेव्हा विक्रमादित्य गादीवर बसलेला होता, आणि त्यानेच बिल्हणाला विद्यापती ही पदवी दिली. १०६८ ते १०७६ या आठ वर्षांत दोन भावांमध्ये काय घडलं ते त्याने पाहिलेलं नाही. ज्याच्या पदरी होता त्याच्याकडून त्याने ते ऐकलं.

आता घटना पाहा. बाप, सोमेश्वर पहिला, आहवमल्ल. आयुष्यभर चोळांशी लढला. चोळ राजाधिराजाने कल्याणी जाळली होती. तिथून उचलून नेलेला द्वारपाल आज तंजावरला, आपल्या मराठ्यांच्या राजवाड्यातल्या संग्रहालयात उभा आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ थांबलो होतो. काळा दगड, गदेवर टेकलेला, आणि पायाशी तमिळ ओळ: कल्याणपुरम जाळून विजयराजेंद्राने (हे राजाधिराजाचंच बिरुद) आणलेला द्वारपाल. पुढे १०५४ मध्ये कोप्पमच्या लढाईत तोच राजाधिराज हत्तीवरच मारला गेला. इतकं ते वैर जुनं.

मार्च १०६८ मध्ये असाध्य ज्वराने खंगलेल्या आहवमल्लाने कुरुवत्तीला तुंगभद्रेत जलसमाधी घेतली. दोन आठवड्यांच्या आत थोरल्याला राज्याभिषेक झाला. नवा राजा पाहून वीरराजेंद्र चोळाने लगेच गुत्तीच्या किल्ल्याला वेढा घातला. हा वीरराजेंद्र राजाधिराजाचा धाकटा भाऊ. आणि विक्रमादित्य कोणाचा जावई झाला? याच वीरराजेंद्राचा! चोळांचे लेख सांगतात की विक्कलन (म्हणजे विक्रमादित्य) आपल्या पायाशी आला, आपण त्याच्या गळ्यात कंठिका, म्हणजे राजचिन्हाचा हार, बांधली आणि साडेसात लाखांचं रट्टपाडी, म्हणजे चालुक्यांचा मुलुख, त्याला दिलं. बिल्हण सांगतो की चोळानेच दूत पाठवून मुलगी देऊ केली. दोघांनीही आपापलं नाक वर ठेवलंय, पण सोयरीक दोघांनाही नाकारता येत नाही.

बाप जाऊन फार दिवस झाले नव्हते, आणि पोरगा बापाच्या शत्रूच्या मांडवात. याला धर्म म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

बांधावरचा

धागाकर्ते, बिल्हण भाट आणि चोळांचे कोरके हरिश्चंद्र, असं कसं चालेल? प्रशस्ती दोन्हीकडे आहे. तुम्हाला सोयीची ती पुरावा, दुसरी ती थाप?

थोरल्याचाच हक्क हे तुम्ही कुठून आणलं? याच घराण्यात सत्याश्रयानंतर पुतण्या विक्रमादित्य पाचवा आला, मग त्याचा भाऊ जयसिंह. जो पेलेल त्याच्याकडे जात होतं राज्य. आणि बापाच्या हयातीत सीमेवर कोण होतं? चोळांच्याच लेखात पुन्हा पुन्हा विक्कलनचं नाव येतं, कारण लढायला समोर तोच असायचा. शत्रू रिकामटेकड्याचं नाव दगडावर कोरत नाही.

त्यानंतरची विक्रमादित्याची पन्नास वर्षं बघा. १०७६ ते ११२६. इटगीचं महादेव मंदिर याच काळातलं, मिताक्षरा, ती याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका, याच्याच दरबारातली. शालिवाहन शक बाजूला सारून स्वतःचा चालुक्य-विक्रम शक चालवला. थोरला राहिला असता तर यातलं काय झालं असतं?

माझं स्पष्ट मत, आणि ते माझ्या घरातून आलंय. बापाचं अंथरुण मी काढलं, उसाला रात्रीचं पाणी मी धरलं. थोरला पुण्याला, दिवाळीला यायचा. विहिरीला पाणी कोणत्या साली लागलं ते त्याला ठाऊक नाही, पण वाटणीला बसल्यावर पहिलं वाक्य काय? 'विहिरीकडचा तुकडा माझा, मी मोठा आहे.' त्यामुळे थोरल्यांबद्दल कोणी गळा काढला की माझं डोकं फिरतं.

तुंगातीर

तुमच्या भावाने जे केलं ते चुकीचंच. पण तो राग भुवनैकमल्लावर का काढताय?

चोळांची प्रशस्ती फुगवलेली आहे, कबूल. वीरराजेंद्राने रट्टपाडी जिंकून कोणाला दिलं वगैरे मीही शब्दशः धरत नाही. पण मग सोमेश्वराच्या बाजूचे लेखही वाचा. गुत्तीला वेढा पडल्यावर भुवनैकमल्लाचं घोडदळ चालून गेलं आणि चोळ माघारी फिरला, असं तेही सांगतात. पुढे कलचुरी कर्णाला बरोबर घेऊन तो माळव्यावर गेला, तिथला परमार जयसिंह पडला. हा रिकामटेकडा? शिवाय त्याच्या कारकिर्दीतल्या लेखांत विक्रमादित्य त्याचा मांडलिक म्हणून कारभार पाहताना दिसतो, तेही बरीच वर्षं. बिल्हणाच्या कथेत मात्र तो थोरल्याच्या छळाला कंटाळून सगळ्यात धाकट्या भावाला, जयसिंहाला, घेऊन केव्हाच कल्याणीबाहेर पडलेला आहे.

आणि शंकराचं स्वप्न! भावाला पकडल्यावर विक्रमादित्याच्या मनात राज्य परत द्यायचं होतं, पण शंकराने रागावून अडवलं, हे बिल्हणाने लिहिलंय. याचा अर्थ सरळ आहे. त्या काळातल्या लोकांनाही हे खटकत होतं, नाहीतर देवाला मध्ये घालायची गरज पडली नसती. राष्ट्रकूट गोविंद तिसऱ्याला कुठल्या स्वप्नाची गरज लागली? बंड केलेल्या थोरल्या भावाला, स्तंभाला, त्याने हरवलं आणि पुन्हा गंगवाडीवर नेमलं. सोमेश्वर मात्र कैदेत गेला तो गेलाच. त्यानंतर त्याच्या नावाचा लेख नाही.

सोलापूरकर

दोघांचंही वाचलं. मला वेगळीच चीड येते. हे सगळं आपल्या दारात घडलं आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात कल्याणीच्या चालुक्यांना किती जागा होती ते आठवा. सातवाहन, यादव, की थेट शिवकाळ. विक्रमादित्याची राणी चंदलदेवी कऱ्हाडच्या शिलाहारांची. त्याच्या नातवांच्या काळात कल्याणी बळकावणारा बिज्जल कलचुरी मूळ आमच्या मंगळवेढ्याचा. सोलापूरहून बसवकल्याण सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाआधी येतं. पण 'तो कर्नाटकाचा इतिहास' म्हणून आपण हात झटकले. भाषावार प्रांतरचना १९५६ ची, ती अकराव्या शतकाला कशाला लावता?

कागदी

बांधावरचे, मिताक्षरेचं नाव घेतलंत म्हणून लिहितो. तिच्या कर्त्याने, विज्ञानेश्वराने, ग्रंथाच्या शेवटी कल्याणीसारखं नगर आणि विक्रमार्कासारखा राजा झाला नाही असं म्हटलंय, म्हणजे दोघांचं नातं पक्कं. आणि त्याच विज्ञानेश्वराने वाटणीच्या प्रकरणात थोरल्याचा जादा हिस्सा बाद ठरवला. मनूने ज्येष्ठाला विसावा भाग आधी काढून द्यायला सांगितलाय. विज्ञानेश्वर म्हणतो, शास्त्रात असलं तरी लोकांना ते नकोसं झालंय, म्हणून आचरू नये. सगळे मुलगे समान, आणि हक्क जन्मापासून.

राज्याला दायविभाग, म्हणजे वाटणीचे नियम, लागत नव्हते हे खरं. पण धाकट्या भावाच्या दरबारात बसून एक पंडित थोरल्याचा विशेष हिस्सा मोडीत काढतो, याकडे कोणी पाहत का नाही?

बांधावरचा

हेच! थोरल्याचा मान शास्त्रानेच काढला. संपला विषय.

धाकटी

संपला कसा? समान कोण, मुलगे. वरचे सगळे प्रतिसाद वाचले. थोरला, धाकटा, थोरला, धाकटा. त्या घरात मुलीच नव्हत्या का?

अक्कादेवीचं नाव एकानेही घेतलं नाही. तुमच्या लाडक्या विक्रमादित्याच्या आजोबांची बहीण. किसुकाड प्रांत सांभाळत होती, गोकाकच्या किल्ल्याला वेढा घालून बसली होती, लेखांत तिला रणभैरवी म्हटलंय. तिने केलं ते कमी होतं का? 'जो पेलेल त्याच्याकडे राज्य' हे बांधावरच्यांचं वाक्य तिला लावून दाखवा.

आणि घरचंच काढायचं तर माझंही ऐका. वडिलांचं तेरावं झालं आणि आठवड्याच्या आत दोन्ही भाऊ मला दुय्यम निबंधक कार्यालयात घेऊन गेले. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोघे त्या दिवशी एका गाडीत. कागद तयार होता, हक्कसोडपत्र. थोरल्या वहिनीने आदल्या रात्रीच सांगितलं होतं, 'माहेर तुटायला नको ना?' मशीनवर अंगठ्याचा ठसा उमटेना, तर धाकट्या भावाने स्वतःच्या रुमालाने माझा अंगठा पुसला आणि पुन्हा टेकवला. इतक्या मायेने त्याने माझा हात त्याआधी कधी धरला होता ते मला आठवत नाही. थोरला-धाकटा हे भांडण बहिणीच्या सहीपुढे किती लवकर मिटतं ते मी पाहिलंय.

बांधावरचा

ताई, तुमच्याबद्दल वाईट वाटलं. पण सगळ्या भावांना एका दावणीला बांधू नका. लग्नात खर्च होतो, बाळंतपणं होतात, दर सणाला माहेरपण होतं. जमिनीत घाम गाळायला कोणी येत नाही आणि सातबाऱ्यावर नाव मात्र पाहिजे. दोन एकरांचे पाच तुकडे करून खायचं काय?

धाकटी

पुण्याच्या भावाने घाम गाळला होता का? त्याला तुम्ही विहीर नाकारलीत, हिस्सा नाकारला नाहीत. घामाचा हिशेब तुम्ही फक्त बहिणीलाच मागताय. आणि बाळंतपणाचा खर्च मोजणाऱ्याने आईच्या दुखण्यात कोण येऊन राहिलं तेही मोजावं. तुमच्या घरी कोण होतं?

बांधावरचा

घरावर जायचं कारण नव्हतं.

धाकटी

घर तुम्ही आणलंत, उसाच्या पाण्यासकट.

कागदी

थोडं शांतपणे. याज्ञवल्क्याने भावांनी अविवाहित बहिणींना चतुर्थांश द्यावा म्हटलंय. काहींनी त्याचा अर्थ लग्नापुरता खर्च एवढाच लावला होता. विज्ञानेश्वराने तो खोडून काढला आणि हा खरा हिस्सा आहे असं ठामपणे मांडलं. पुत्रहीन विभक्त पुरुषामागे आधी पत्नी, मग मुली, हेही त्याने उचलून धरलं. त्याच्या काळाच्या मानाने हे थोडं नाही. पुढे मिताक्षरेच्या नावाने मुलींना जन्मसिद्ध हक्कातून नऊशे वर्षं बाहेर ठेवलं गेलं, हेही तितकंच खरं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून हिस्सेदार, केलं, पण त्याआधी लग्न झालेल्या वगळल्या. ती अट २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने गेली, आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं.

ताई, नोंदणीकृत हक्कसोड मोडायला दबाव किंवा फसवणूक कोर्टात सिद्ध करावी लागते. अवघड आहे, पण वकिलाला कागद दाखवा.

तुंगातीर

धागा सातबाऱ्यावर गेला, आणि धाकटींनी लिहिलेलं वाचून मला त्याचं वाईट वाटत नाही. फक्त मूळ प्रश्नातलं एक राहिलं. जयसिंह. सगळ्यात धाकटा. थोरल्याविरुद्ध तो विक्रमादित्याच्या बाजूने उभा राहिला, बक्षीस म्हणून बनवासी प्रांताची सुभेदारी मिळाली. आणि गादी बदलून सात-आठ वर्षं होत नाहीत तोच त्याने विक्रमादित्यावरच सैन्य चालवलं. कृष्णेकाठी हरला, पकडला गेला. त्यालाही तेच म्हणता आलं असतं ना, जो पेलेल त्याचं राज्य? बांधावरचे, तुमच्या नियमाने जयसिंह दोषी कसा?

बांधावरचा

तो हरला, म्हणून. विक्रमादित्याने त्याला माफ केलं हेही बिल्हणानेच लिहिलंय, ते तुम्ही गाळलंत.

तुंगातीर

लिहिलंय, खरं आहे. माफी धाकट्याला मिळाली, थोरल्याला नाही. का, तेवढं सांगा.

बांधावरचा

कारण थोरला बाहेर राहिला असता तर त्याच्या नावाने कोणीही उठलं असतं. कुलोत्तुंग चोळ त्याच्या बाजूने उतरलाच होता की! तुमच्या लेखात विक्रमादित्याची चोळ सोयरीक ठळक, आणि थोरल्याने चोळाशीच केलेल्या युतीचा शब्दही नाही. बापाचा शत्रू दोघांनीही जवळ केला.

तुंगातीर

तो मुद्दा बरोबर आहे. मात्र आधी कोण गेला, हा प्रश्न उरतोच.

धाकटी

बांधावरचे, अक्कादेवीचं उत्तर अजून आलेलं नाही.

बांधावरचा

अक्कादेवीचं मान्य. तिला गादी मिळाली असती तर तिने राखली असती. विक्रमादित्याबद्दल मात्र एक शब्द मागे घेणार नाही.